कॉम्प्युटरच्या आतली माणसं

भिवंडीतल्या आमच्या साडी-डिझाइनच्या ऑफिसात लिनक्सचे कॉम्प्युटर सांभाळायला खारबावची एक बाई येते. मशीन बिघडलं असं ती कधीच म्हणत नाही, ‘रुसलंय’ म्हणते. काम करताना त्याच्याशी हळू आवाजात बोलतेसुद्धा.

मी आणि रुक्साना आपा एकच कॉम्प्युटर आळीपाळीने, आपापल्या पासवर्डने वापरतो. परवा दुपारी माझ्या पाळीत स्क्रीन गोठला, माउस हलेना. मी बंद करायचं बटण दाबणार, एवढ्यात ती खारबावची बाई मागून ओरडली, "थांबा दादा! आत अजून कोन हाय?"

मी चक्रावलो. समोर तर मी एकटाच बसलो होतो.

तिने काही बटणं एकदम दाबली. रंगीत पडदा जाऊन काळ्यावर पांढरी अक्षरं आली. ती वाचून म्हणाली, "आपांचं सेशन चालू हाय, त्यांचं काम आत उघडंच हाय. लॉक करून नमाजला गेल्यात. बटन दाबलं असतं तर त्यांचं सेव्ह न केलेलं सगळं गेलं असतं."

मग तिने नेमका माझा अडकलेला प्रोग्राम शोधून तेवढाच बंद केला. "तुमचं थोडं जाईल. त्यांचं न्हाय."

आपा आल्या, पासवर्ड टाकला. साडीच्या काठावरचं अर्धवट फूल जसंच्या तसं समोर आलं. "सकाळपासून या फुलाने जीव खाल्लाय," म्हणत त्यांनी पुढची पाकळी काढायला घेतली.

हे फूल मघाशी माझ्या हातून जाणार होतं, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. पलीकडच्या टेबलावरून त्या बाईने ‘नको’ अशी मान हलवून मला गप्प केलं.