वेगळ्या जाळीवरचे मशरूम

कोळशावर भाजणाऱ्या चिकनचा वास आला की मला जपानमधल्या माझ्या तोयोसुच्या ऑफिसातल्या एक वयस्क जपानी बाई आठवतात. फक्त बीफ टाळायचं म्हणून मी रुजू झालो तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "मी मांस खात नाही." तेव्हापासून टीम जेवायला निघाली की त्या आधी हॉटेलात फोन करून माझ्यासाठी मशरूम वेगळ्या जाळीवर भाजायला सांगायच्या. दोन वर्षं हे असंच चाललं. मग एका शनिवारी घराजवळच्या दुकानात मी काडीला लावून भाजलेली चिकनची याकितोरी खात बसलो होतो आणि मान वर केली तर समोर त्याच उभ्या. हातातली काडी कुठे लपवावी ते कळेना. त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं, "इथली चांगली असते," एवढंच म्हणाल्या आणि किंचित वाकून निघून गेल्या. सोमवारी माफी मागायचं ठरवलं होतं, पण धीर झाला नाही. पुढच्या पार्टीआधी त्यांनीच येऊन हळूच विचारलं, "मशरूमचं सांगून ठेवू ना?" मी "हो" म्हणालो. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशीच्या पार्टीतही बाकी सगळे मांस भाजत होते आणि त्या चिमट्याने माझे मशरूम उलटत होत्या. आता वाटतं, त्या शेवटच्या दिवशी तरी त्यांच्याकडे चिकनचा एक तुकडा मागितला असता, तरी पुरे होतं.