बागेतलं ज्वारीचं पाखरू

रांजणगावला नव्याने कारखाने सुरू झाले, त्या वर्षांत मी थर्ड शिफ्ट करायचो. सकाळी सुटलो की घरी यायचं आणि आप्पांना, म्हणजे वडिलांना, शिरूरच्या बागेत न्यायचं. गुडघे गेले म्हणून शेत वाट्यानं देऊन मी त्यांना इथं आणलं होतं. त्यांचं मन काही रमत नव्हतं. बाकावर बसून ते चपलांकडं बघत राहायचे, मी जांभया देत. दोघंही कंटाळलेले.

त्या थंडीत हिरवळीवरच्या चिमण्यांत एक पाखरू वेगळं दिसलं. चिमणीच्या मादीसारखंच मळकं, पण अंगानं थोराड, चोच जाड. शेपटीखाली पिवळं असेल तर तो दूरदेशाहून येणारा भारीट, असं पुस्तकात वाचलं होतं. पण शेपटीखालचं दिसेल तर शपथ! आठवडाभर मी झोपेचं खोबरं केलं.

एकदाचं ते गळक्या नळाशी पाणी प्यायला वाकलं. शेपटी वर होणार, एवढ्यात शेजारून आरोळी उठली, "हाऽऽ हाऽऽ हूऽऽ!" आप्पा गुडघे विसरून उभे होते आणि डोक्याभोवती हात गरगर फिरवत होते. हातात गोफण नव्हती एवढंच. पाखरू उडालं. सगळी बाग आमच्याकडं बघू लागली.

"ज्वारीवरचं हाय त्ये," आप्पांचा चेहरा उजळला होता. "चिमणी न्हाई. थवा बसला की कणसं रिकामी. तुला शेतातल्या माळ्यावर बसवून दावलं व्हतं की, इसरला व्हय?"

मी विसरलो होतो, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "आप्पा, इथं कुठं ज्वारी हाय? लोकं हसत्यात. गप बसा की जरा!"

ते बसले. पुन्हा चपलांकडं बघू लागले. मी घरी येऊन आडवा झालो, पण झोप लागली नाही. इतक्या महिन्यांत आप्पा पहिल्यांदाच आपणहून उभे राहिले होते, आणि मी त्यांना खाली बसवलं होतं.

पंधरा दिवसांनी पाखरू पुन्हा आलं. बाकापासून चार हातांवर. शेपटीखालचं पिवळं अगदी स्पष्ट दिसलं.

"आप्पा, तुमचं पाखरू आलंय," मी म्हणालो. "हाकला की."

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"असू दे," ते म्हणाले. "हितं कुठं ज्वारी हाय."