ताईनं शिवलेलं कव्हर

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात दुचाक्यांचा स्टँड सांभाळतात. बावीस वर्षं झाली. काय काम करता म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, "गाड्या उभ्या ठेवतो." लग्न ठरलं तेव्हा मी ताईला म्हणाले होते, "उभ्या गाडीला उभी ठेवायला माणूस कशाला लागतो गं?" ताई हसली नाही. तिला ते आवडले होते, त्यापुढे माझं काय चालणार!

मग एकदा वाऱ्याच्या दिवसांत त्यांचा डबा घेऊन मी वर गेले आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हॉस्पिटलच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीतून वारा असा घुसत होता की ओढणी सावरावी की डबा, हेच कळेना. समोर तीन-चारशे गाड्या. तिथे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. कुणाचा बाप आत, कुणाचं तान्हं मूल आत. गाडी कशीतरी टेकवायची आणि धावत सुटायचं. भावोजी त्यांच्या मागून एकेक गाडी नीट करत फिरत होते. हँडलला लॉक असेल तर मागून कॅरिअर धरून उचलायची आणि चाक सरकवून तोंड फिरवायचं. मी म्हटलं, "एवढा आटापिटा कशासाठी?" तर म्हणाले, "आत सगळी आडवीच आहेत. बाहेर निदान गाड्या तरी उभ्या दिसू देत."

त्यांचं शास्त्र साधं आहे, आणि मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. गाडीचा साइड स्टँड असतो डाव्या बाजूला, म्हणून वारा उजवीकडून लागला पाहिजे. तो गाडीला स्टँडवर दाबून धरतो. डावीकडून लागला की उचलून पलीकडे टाकतो. मेन स्टँडवर गाडी ऐटीत दिसते, पण वाऱ्यात तीच आधी जाते. पहिला गिअर टाकायचा, हँडल डावीकडे वळवायचं, जमीन मऊ असेल तर स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवायचा. आणि कव्हर? कव्हर दिसलं की भावोजींचा पारा चढायचा. एका कव्हरवाल्या गाडीनं एकदा अकरा गाड्या आडव्या केल्या होत्या, ती हकिगत जेवताना महिन्यातून एकदा तरी व्हायचीच. "कव्हरात वारा भरतो, मग ती गाडी राहत नाही, फुगा होतो," असं म्हणून ते घास तोंडात घालायचे आणि ताई मान न उचलता म्हणायची, "हो, अकरा गाड्या. वाढू का अजून?"

ताई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, उशांचे अभ्रे, पडेल ते. मशीन खिडकीशी, खिडकी गल्लीवर. तीन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. हृदयही कमजोर, त्यामुळे किडनी बदलायच्या ऑपरेशनचा प्रश्नच नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. उरलं ते डायलिसिस. एक दिवसाआड, चार तास. तिथून परत आली की पायात गोळे यायचे, उलट्या व्हायच्या, आणि जरा सावरते न सावरते तोच पुन्हा जायची वेळ. दिवसभरात प्यायला मोजून दोन वाट्या पाणी. सुया टोचून फुगलेल्या तिच्या हाताकडे मला बघवायचं नाही.

गेल्या वर्षी ती एकदा म्हणाली, "आता पुरे करू या." भावोजी भरल्या ताटावरून उठले. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी केस विंचरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय." ताई मुकाट्यानं उठली. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.

त्या चढावर रिक्षावाले यायला तयार नसतात, बस खालच्या चौकातच थांबते. म्हणजे सगळी भिस्त भावोजींच्या जुन्या मोटरसायकलवर. ताईला मागे धरून बसायचीही ताकद नव्हती, म्हणून तिनं स्वतःच एक रुंद पट्टा शिवला होता. तो दोघांच्या कमरेभोवती आवळून ते तिला वर न्यायचे. गाडी गेली की ताई गेली, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

यंदा वाऱ्याचे दिवस सुरू झाले आणि ताईनं चार महिन्यांनी मशीनवरची धूळ पुसली. दहा मिनिटं शिवायची, तासभर आडवं व्हायचं. असं करत तीन आठवड्यांत तिनं काय शिवावं? गाडीचं कव्हर! रेनकोटच्या उरलेल्या कापडाचं, राखाडी, कडेला दुहेरी शिलाई, खाली बांधायला नाड्या. भावोजी आता काय बोलतात म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं, म्हणाले, "शिलाई काय सरळ आलीय!" आणि खाली जाऊन गाडीला घातलं.

मी जिन्यातच त्यांना गाठलं. "अहो, बुद्धी गहाण ठेवलीत का? जगाला शहाणपण शिकवता आणि स्वतःच्या गाडीला कव्हर?"

"हळू बोल, ऐकेल ती."

"मग सांगा की तिला."

"धाकटे, चार महिन्यांनी तिनं हातात सुई धरलीय. तिला मी काय सांगू? की तू शिवलेलं काढून ठेवतो? मी घेईन काळजी. बावीस वर्षं काय गवत उपटलं का मी?"

आणि काळजी त्यांनी घेतलीच. गाडी भिंतीला खेटून, वारा बरोबर उजवीकडून, स्टँडखाली फरशी, वर आणखी तळमजल्याच्या खिडकीच्या गजाला दोरी. वरच्या खिडकीत ताई बसलेली असायची, त्यामुळे कव्हर काढायची सोय नव्हती. घरी असले की ते दर पंधरा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून खाली जाऊन यायचे. काळजीनं माणूस पार पोखरला गेला होता.

एका गुरुवारी सकाळची पाळी संपवून ते एकला आले. तीनला ताईला घेऊन निघायचं होतं. गाडी लावली, कव्हर घातलं, जेवायला बसले. मी वाढत होते. वारा अचानक फिरला. खिडकीची दारं आतल्या बाजूला आपटायची ती बाहेर आपटली. भावोजींचा हात ताटातच थांबला. ते उठेपर्यंत खालून आवाज आला.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. दोरी तुटलेली, गाडी उजव्या कुशीवर पडलेली आणि कव्हर अजून तिच्यावर फडफडत होतं. पुढच्या ब्रेकची दांडी मोडली होती, पायाचा ब्रेक आत वाकला होता, पेट्रोल फरशीवरून गटाराकडे चाललं होतं. भावोजींनी एकट्यानं गाडी उचलली, भिंतीला टेकवली. मग वर न बघताच ओरडले, "रिक्षा आणतो, तिला तयार ठेव!" आणि उष्ट्या हातानं धावत सुटले.

ताई खुर्चीत शांत बसून होती. मी म्हटलं, "घाबरू नकोस, मिळेल रिक्षा."

"मी नाही घाबरले," ती म्हणाली. "बरेच दिवस लागले गं पडायला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुला माहीत होतं?"

"वीस वर्षं जेवताना ऐकलंय. अकरा गाड्या."

"आणि तरी शिवलंस? अगं, तुला काही वाटतं का? तो माणूस तुझ्यासाठी—"

"त्यांच्यासाठीच," ती म्हणाली. "मी पुरे म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. मी खरंच जायचं थांबवलं तर किती दिवस जेवणार नाहीत? गाडी पडली की एक खेप चुकेल, मग दुसरी. कुणाचा दोष नाही. वाऱ्याचा."

मी तिच्यावर खूप चिडले. तोंडाला येईल ते बोलले. आणि बोलता बोलता रडायला लागले, कारण तिच्या जागी मी असते तर एवढीही कळ काढली नसती. ती म्हणाली, "त्यांना सांगू नकोस." मी नाही सांगितलं. आजपर्यंत नाही.

तासाभरानं रिक्षा मिळाली. वर पोहोचेपर्यंत ताईची जागा दुसऱ्या पेशंटला दिली होती. भावोजी तिथल्या प्रत्येक सिस्टरपुढे हात जोडत फिरले. बावीस वर्षं त्या सिस्टरांच्याही गाड्या त्यांनी उभ्या ठेवल्या होत्या. शेवटी संध्याकाळी ताईला आत घेतलं.

शनिवारी दुपारी मी त्यांचा जिना चढत होते तर वरून शिवणाच्या मशीनचा आवाज. मला एकदम आनंद झाला, ताई उठून बसली म्हणून. धावत वर गेले. मशीनवर भावोजी होते. चष्मा नाकावर, जीभ दातांत धरलेली. ताई कॉटवर उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होती.

"ये, ये," ते मला म्हणाले. दुरुस्त झालेली गाडी खाली उभी होतीच. आता त्यांनी कव्हर उचलून उजेडात धरलं. दोन्ही बाजूंना वितीएवढ्या आठ खिडक्या कापल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडा दुमडून शिवल्या होत्या, वेड्यावाकड्या, जागोजागी धाग्याचे गुंते. "दोन रात्री विचार करत होतो. वारा इकडून शिरेल, तिकडून निघून जाईल. कव्हरही राहील, गाडीही राहील." मग ताईकडे वळून, इतक्या प्रेमानं की मला तिथं उभं राहवेना, म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या कव्हरानं आता कधी गाडी पडायची नाही."

ताईनं ते मांडीवर घेतलं. एका खिडकीच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवलं, गुंत्यापाशी थांबली.

"धागा फार ओढलात," ती म्हणाली.

"पण टिकेल ना?"

"टिकेल."

मग तिनं खुंटीवरचा पट्टा द्यायला मला सांगितलं, आणि तो हातात घेऊन त्यांना म्हणाली, "चला, उशीर होतोय."