खुर्चीवरचं काटेरी बोंड

डेझमंड पोकॉकने खुर्ची पुसायला घेतली, तिच्यावरचं सुकं काटेरी बोंड उचलून कोटाच्या खिशात टाकलं आणि परत ठेवायला साफ विसरला. घोटाळा एवढाच. पण इंग्लंडातल्या बाथ शहरातल्या त्या घरात एवढा पुरेसा होता.

घर जॉर्ज राजांच्या काळातलं. पडझडीतून सावरून, जुन्या रंगात रंगवून आता त्याचं संग्रहालय केलेलं. दर खोलीत एक बिनपगारी राखणदार. ‘बसू नका’ अशी पाटी लावायची म्हणजे आल्या पाहुण्याचा अपमान. म्हणून प्रत्येक खुर्चीवर एक बोंड. ते पाहून माणूस आपोआप उभा राहतो, कुणाला तोंड उघडावं लागत नाही.

आणि तोंड न उघडणं हा तर डेझमंडचा स्वभाव. उभी हयात त्याने बस चालवली, पण एकाही माणसाला ‘उतरा’ म्हटलं नाही. शेवटच्या थांब्यावर कुणी झोपलेलं दिसलं, की हा गाडी वळवायचा आणि त्याला घेऊनच परत निघायचा. डेपोतले म्हणायचे, “पोकॉकच्या गाडीत डुलकी काढा, एका तिकिटात गाव दोनदा बघा!”

राखायला वरचा हा दिवाणखाना मिळावा म्हणून त्याने दोन हिवाळे तळघरातल्या स्वयंपाकघरात काढले होते. तिथे ऊन नाही, वारा नाही, नुसती तांब्याची पातेली. इथे तीन उंच खिडक्या, आणि खिडकीतून दिसणारा तो चढ, जिथे त्याची बस रोज कण्हायची. आदल्या वर्षी बोंड विसरलेल्या एका राखणदाराची रवानगी तळघरात झाली. तो अजून पातेलीच बघतोय.

आणि आता मोकळ्या खुर्चीत एक वेल्श म्हातारा टेकला. टेकला तो टेकला, वर घोरायला लागला.

डेझमंड जवळ जाऊन दोनदा खोकला आणि म्हणाला, “आज हवा बरी आहे, नाही?”

म्हाताऱ्याने घोरण्याची पट्टी बदलली, इतकंच.

एक जोडपं आत आलं. बाई कुजबुजली, “किती हुबेहूब पुतळा केलाय हो! घोरतोसुद्धा!”

“पण बूट आजचे दिसतात.”

“पैसे संपले असतील बिचाऱ्यांचे.”

डेझमंडने होही नाही आणि नाहीही नाही अशी मान हलवली.

तेवढ्यात जिन्यावर फिलिपाबाईंची पावलं वाजली. घराची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे, आणि खुर्च्यांवर पोटच्या पोरींसारखा जीव.

“डेझमंड, कुणीतरी बसलंय.”

“तसं वाटतंय खरं.”

“तुम्ही त्यांना... सुचवलंत का काही?”

“दोनदा खोकलो.”

“थांबा, मी बघते,” असं म्हणून फिलिपाबाई पुढे झाल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि खोकल्या.

मग दोघं आळीपाळीने खोकू लागले. शेवटी म्हाताऱ्याची बायको धापा टाकत वर आली.

“ह्यू! ऊठ मेल्या! लोकांच्या खुर्चीत घोरतोस? आणि इथे दोन माणसं सर्दीने मरायला टेकलीत, त्यांचं काही?”

ह्यू उठला. “फार सुरेख घर आहे हो,” म्हणाला आणि बायकोच्या मागे निघून गेला.

फिलिपाबाईंनी वाकून खुर्चीचे पाय तपासले, बैठक दाबून पाहिली. खुर्ची धडधाकट होती. डेझमंडने खिशात हात घातला, काटा टोचला तसा “आई गं” म्हणाला आणि बोंड जागेवर ठेवलं.

“माझीच चूक. जातो तळघरात.”

फिलिपाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. “मी मघाशी एकदा दारापर्यंत येऊन गेले होते. त्यांना झोपलेलं पाहिलं आणि गुपचूप परत जिना उतरले. म्हटलं, तुम्ही उठवाल.”

“मी म्हणत होतो, तुम्ही याल.”

“मग दोघांनाही तळघरात जावं लागेल, आणि वर कुणी उरायचं नाही. त्यापेक्षा मला एक चहा पाजा. विषय संपला.”

“जरूर,” डेझमंड म्हणाला.

त्या गोष्टीला आता दोन उन्हाळे उलटले. डेझमंड अजून दिवाणखान्यातच आहे. चहा मात्र राहिलाय. पाजायचा तर कशाबद्दल ते बोलावं लागणार, आणि विषय तर संपलेला. शनिवारी दोघं एकाच बाकावर बसून चहा पितात, ज्याचा त्याचा, हवेबद्दल बोलत.