समुद्राचा सालदार

पाडव्याच्या आदल्या दिवशी माझी नात कोकणातून आली. रिसोडहून जीपनं केनवडला उतरली तेव्हा पाचव्या महिन्याचं पोट पुढं आणि हातात एक लांब नळकांडं. मला वाटलं, हिच्या बापानं विहिरीच्या मोटरीसाठी पाईप मागवला असेल. ओसरीवर येऊन तिनं ते उघडलं तर आतून काठी निघाली. बुडाशी तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, फिरकी आणि शेंडा उसाच्या तुऱ्याहून बारीक.

"हे काय वं?"

"मासे धरायची काठी, आजी. याच्यावरच तं माह्यं काम चालते."

ती तिकडं काय करते, ते मी चारचौघींत 'समुद्रावर नोकरी' एवढंच सांगत आले होते. मलाच कुठं ठाऊक होतं! त्या दिवशी मात्र पाट ओढून तिच्यासमोर बसले आणि एकेक विचारून घेतलं. तिची स्वतःची एक छोटी होडी आहे. मोठ्या शहरांतली माणसं येतात, त्यांना ती किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाडीच्या तोंडाशी मासे धरायला नेते. काठी मुद्दाम हलकी, तंगूस मुद्दाम बारीक. जिताड्यासारखा मोठा मासा गळाला लागला की जोरात ओढायचा नाही, तंगूस तुटतं. कधी ढील द्यायची, कधी आवळायचं.

"म्हंजे नवी सून नांदवल्यासारखं," मी म्हटलं.

"तसंच. आन् मंग तो मासा परत पान्यात सोडायचा."

"कनीस खुडायचं आन् पुन्हा धांड्याले चिकटवायचं? याच्यासाठी लोकं पैसे देतात?"

"देतात ना."

"काहून पन?"

"ते तुले होडीत बसल्याबिगर नाही समजनार."

हसत होती, पण हात काठीच्या शेंड्याशी चाळा करत होता. मग हळूहळू निघालं. डॉक्टरीणबाईंनी होडीत पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं होतं. नवरा मास्तर, त्याला होडीत बसलं की भोवळ येते. सुट्टीतल्या पाहुण्यांना तर हो म्हणून बसली होती. आता पाहुण्यांना मासे धरायला शिकवणारा, वर्षभर टिकणारा पूर्णवेळ गाईड हवा. तिकडे घरच्यांनी होडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. पाडव्यापर्यंत माणूस ठरला नाही, तर होडी विकायची. दोघांना तिनं निवडलं होतं, आणि त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी फोनवर, चेहरा दिसेल असं बोलणार होती.

"म्हंजे सालदार ठरवाचा हाय म्हन ना!"

आमच्याकडे शेतात वर्षभर राबणारा माणूस पाडव्यालाच ठरतो. समुद्राचा असला म्हणून काय झालं? आणि सालदारांतलं मला कळतं. का कळतं, ते सांगते. म्हणजे माझी तेव्हाची अक्कलही तुम्हाला समजेल.

लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला तिफणीमागे लावलं. पुढं सालदार बैल हाकणार, मागं बाईनं चालत चाड्यात मुठीतून ज्वारी सोडायची. चाडं म्हणजे भोकं असलेली लाकडी वाटी. त्या भोकांतून बी नळ्यांनी खाली तासात, म्हणजे मातीतल्या ओळीत, पडतं. बी तर सोडायचं, त्यात शिकायचं काय, असा माझा रुबाब. हातभर हिरव्या बांगड्या, आणि माझं लक्ष त्या उन्हात कशा दिसतात याकडे. एका जागी अख्खी मूठ सांडायची, पुढं चार पावलं नुसती हवा. त्या सालचा सालदार मोठा हुशार गडी. दोनदा मागं वळून बघितलं आणि मग म्हणाला, "सरका वहिनी, तुमच्यानं नाही होत." चाडं बायकोच्या हाती दिलं. पुढची पेरणी सुतासारखी सरळ झाली आणि मी बांधावर बसून बांगड्या मोजल्या.

बाकीच्या कामातली चूक झाकता येते. पेरणीतली उगवते! माझी तासं नेमकी रस्त्याच्या कडेला. इथं केरसुणीसारखा झुबका, तिथं टकलासारखा रिकामा नांगा. बाजाराला जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, "हे कोनाच्या हातचं वो?" आणि सासूबाई उत्साहानं सांगायच्या.

दुसऱ्या वर्षीचा सालदार काहीच बोलला नाही. त्यानं नुसते बैल हळू केले, माझ्या मुठीच्या चालीनं. संध्याकाळपर्यंत माझा हात बसला.

म्हणून नातीला म्हटलं, "त्यायले माशाचं काही विचारू नको. म्हन, माह्या आजीले शिकवा."

"तुले?"

"मले जमलं तं तुह्या पाहुन्यायले झोपेत जमन."

पाडव्याला गुढी उभारून झाली, पुरणपोळ्या झाल्या, आणि आम्ही अंगणात उतरलो. नातीनं गळाच्या जागी शिशाचा गोळा बांधला आणि पार फाटकाशी सूप ठेवलं. त्यात गोळा पाडायचा. फोन पाण्याच्या टाकीला टेकवला.

पहिला गडी काळ्या चष्म्याचा. आधी त्यानं फोटो दाखवले, वासराएवढाले मासे उराशी धरलेले. नातीचे डोळे चमकले. मग एका दमात कसं फेकायचं ते सांगितलं. मी फेकलं. गोळा मागं गेला, गुढीच्या साखरेच्या गाठीत गुंतला आणि गाठी खाली आली. शपथेवर सांगते, तेव्हा मुद्दाम नव्हतं. दुसऱ्यांदा शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांत पडला, ते मुद्दाम, गडी काय करतो ते बघायला.

तो खळखळून हसला. "ताई, आजींना राहू द्या. असे पाहुणे आले तर मी स्वतः फेकतो आणि मासा लागला की काठी त्यांच्या हातात देतो. फोटो तर त्यांचाच येतो!"

इतक्या वर्षांनी मला पुन्हा 'सरका वहिनी' ऐकू आलं.

फोन ठेवून नात म्हणाली, "मले आवडला. मासे पाह्यले ना?"

"पाह्यले. समदे त्यानंच धरलेले. पाहुन्याच्या हातातला एक तरी होता?"

तिनं दुसऱ्याला फोन लावला.

दुसऱ्याच्या फोनमध्ये तो कमी आणि घराचं छप्पर जास्त दिसत होतं. फोटो नाहीत, बोलणं तुटक. नातीचा चेहरा उतरला. मी काठी उचलली तर म्हणाला, "थांबा आजी. खांदा वर जातो?"

"डोक्याच्या वर नाही जात बाप्पा."

"मग बाजूनं, कमरेतून. हातानं काय काम केलंत आजवर?"

"पेरलं."

"म्हणजे कसं?"

झालं! मी चाड्यापासून सुरुवात केली. नात खुणा करत होती, आवर म्हणून. तो मात्र मधेमधे विचारत राहिला. बी किती बोटांत धरायचं? बैल थांबले तर काय करायचं? सगळं ऐकून म्हणाला, "मग तंगूस त्या बियासारखंच. बोटावर धरा, काठी पुढं आली की बोट सोडा. जोर नको."

मी पुन्हा शेजारणीच्या कुरडयांत टाकला. बघूया म्हटलं. नात गुंता सोडवत होती, आणि शेजारीण माझ्या सात पिढ्यांची आठवण काढत होती. तेवढं होईपर्यंत तो थांबला.

"अजून एकदा. घाई नाही."

बैल हळू झाले. आता मात्र मी मनापासून फेकलं. एक सुपाच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि मग थप्पकन सुपात. मी अशी ओरडले की शेजारीणही भांडण विसरली.

नातीनं त्याला एकच विचारलं, "तुम्ही धरलेला सगळ्यात मोठा मासा कोणता?"

तो विचारात पडला. "माझा नाही आठवत. पण एका बाईंनी तांबोशी धरली होती, ती आठवते. त्याही आजींसारख्याच ओरडल्या होत्या."

नातीनं माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं तंगूस गुंडाळत बसले. होडी तिची, सालदार तिचा.

"आमच्याकडे आज सालदार ठरतो," ती फोनला म्हणाली. "ठरलं म्हणू?"

होडी विकली नाही. सुट्टीत तिनं मला एक फोटो पाठवला. होडीत एक जाडजूड पाहुणा, हातातली काठी धनुष्यासारखी वाकलेली, तोंड उघडं. त्याच्या मागं आपला सालदार, पुढं झुकलेला, दोन्ही हात मात्र पाठीमागं घट्ट बांधलेले. शिवशिवत असतील बिचाऱ्याचे.

तो मासा सोडून कशाला देतात, हे मला अजून समजलेलं नाही. बाळंतपण झालं की होडीत बसून बघायचं ठरवलंय. तोवर काठी माझ्याजवळ आहे. शेजारणीनं वाळवण गच्चीवर नेलं आहे. गोळा तिथंही पोचतो, हे तिला अजून ठाऊक नाही.