वाढत्या अंगाची सायकल

राग मला लवकर येतो आणि लवकर जातो, असं घरातले म्हणतात. त्या सायकलींचा मात्र अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. हडपसरला आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर मातीचे उंचवटे करून ट्रॅक बनवला होता आणि रविवारी सकाळी तिथे एक तरुण मुलगी बीएमएक्स शिकवायची. बुटक्या, दणकट सायकली, त्यावर उभी पोरं. माझी मुलगी दोन महिने कुंपणाला चिकटून बघत राहिली. ही पोर कधी काही मागत नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर ‘काहीही चालेल’ म्हणते. त्यामुळे ‘मला हे शिकायचंय’ असं ती म्हणाली तेव्हा मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघितलं. तिची एकच अट होती. तिथे सगळे मुलगेच आहेत, तू पण शिकलीस तरच मी जाईन. माझं वय बेचाळीस, एक गुडघा कायमचा रुसलेला. मी हो म्हटलं.

शिकवणाऱ्या मुलीने मला नीट समजावलं. सुरुवातीला साधीच घ्या, महागाच्या नादी लागू नका. चाकं दोघींचीही वीस इंचीच असतील, फरक असतो दांड्याच्या लांबीत. ही सायकल उभ्याने चालवायची, त्यामुळे सीट वरखाली करून भागत नाही. हँडल हाताच्या टप्प्यात हवं आणि ब्रेक बोटांच्या. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

पेठांमधली चार दुकानं पालथी घातली. पहिल्या तिन्ही ठिकाणी साध्या पोरांच्या सायकलीवर बीएमएक्स असं लिहिलेलं होतं आणि दुकानदार ते नाव मला बोटाने दाखवत होते. मुलासाठी ना, असं विचारत होते. मुलीसाठी म्हटलं की गुलाबी, पुढे बास्केट असलेली बाहेर काढत होते. माझ्या डोक्यात तिडीक जात होती. नारायण पेठेतल्या चौथ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. एक हिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी, असं मी सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सर्कशीत असता का, असं विचारलं. मी म्हटलं, पुण्यात दुकानं फिरते, तेवढी सर्कस पुरते. ते पेपर ठेवून उठले. खऱ्या सायकली त्यांच्याकडेच निघाल्या.

हिच्या मापाची काळी होती, आखूड दांड्याची. ही तिच्यावर उभी राहिली, दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि हसली. तिथेच पावती करायला हवी होती.

पण म्हातारबुवा म्हणाले, दोन वर्षांत ही आखूड होणार, वाढत्या अंगाची घ्या. मी नवऱ्याला फोन लावला. तोही तेच म्हणाला. आणि मग मी, जी सकाळपासून अख्ख्या पुण्यावर खेकसत होते, ती मी माझ्यासाठी काढलेल्या मापाचीच दुसरी मागवली. आमच्या घरात सगळंच वाढत्या अंगाचं येतं. युनिफॉर्म बाह्या दुमडून घालायचा, बुटात पुढे कापूस, रेनकोट घोट्यापर्यंत. मी तशीच वाढले, माझी आईही तशीच. त्यात काही चुकतं असं कधी डोक्यातच आलं नाही.

ती हळूच म्हणाली, ही मला लांब पडते. मी म्हटलं, होईल सवय, नीट जेवत जा म्हणजे वाढशील.

पहिल्या रविवारी शिकवणाऱ्या मुलीने सायकल बघितली, मग मला बघितलं, आणि ही मोठी आहे असं स्पष्ट सांगितलं. मी तिलाच ऐकवलं की पोर वाढतेय, तुम्ही शिकवायचं बघा. ती पुढच्या पोराकडे वळली. त्यानंतरचे दोन रविवार मी धापा टाकत का होईना, पण उंचवट्यावरून जायला शिकले, आणि माझी मुलगी मागे मागे राहिली. हँडलपर्यंत पोचताना तिचे हात पार ताणले जायचे. ब्रेक धरायला मूठ सोडावी लागायची. मला वाटलं, घाबरते. मी तिला मोठ्याने सांगायचे की घाबरू नकोस, जोर लाव.

घरी ती न मागता दूध प्यायला लागली, ज्याच्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. बागेतल्या बारला लोंबकळायला लागली. रोज सकाळी दाराच्या चौकटीशी उभी राहून पेन्सिलीने खूण करायची. आणि मी, महामूर्ख बाई, खूश होते. शेजारणीला कौतुकाने सांगत होते.

चौथ्या रविवारी उतारावर तिला ब्रेक सापडला नाही. सायकल पुढच्या उंचवट्यावर आदळली आणि हँडल हनुवटीत बसलं. हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडीच. रक्त बघून मी माझी सायकल तिथेच टाकून धावले. दवाखान्यात पाच टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टरांनी तिला बोलतं ठेवायला विचारलं की काय गं, कशी पडलीस.

ती म्हणाली, “माझंच चुकलं. मी अजून तेवढी उंच झाले नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्यावर ओरडावं, नवऱ्यावर ओरडावं असं वाटलं, पण दोघंही तिथे नव्हते, आणि असते तरी काय. कागद माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टरांसमोरच मी म्हटलं, “तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही.” तिने मान हलवायचा प्रयत्न केला, तर डॉक्टर तिला रागावले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ती सायकल परत नेली. म्हातारबुवा वापरलेली घेणार नव्हते. मी भांडले, अगदी पोटातून भांडले, आणि शेवटी त्यांनी ती ठेवून घेऊन काळी दिली. कमी किमतीत घेतली, घेऊ देत.

टाके निघेपर्यंत चालवायची नव्हती. म्हणून काळी सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती आणि पोर अधूनमधून नुसतीच तिच्यावर उभी राहायची, कोपर जरासं वाकवून, बोटं ब्रेकवर. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. तिने तिथूनच विचारलं, “आई, आता मी वाढले तर चालेल ना?”

मला स्वतःचा इतका राग आला की लाटणं हातात तसंच राहिलं. वाढ गं बाई, म्हटलं, हवी तेवढी वाढ. पण आवाज नीट निघाला नाही, आणि तिला वाटलं मी तिच्यावरच चिडले.