गॅलरीखालची हाक
उत्तनच्या रस्त्याला बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आला, की मला आमच्या मीरा रोडच्या इमारतीखाली भर उन्हात उभी राहिलेली माझी मैत्रीण आठवते. बटणांच्या मोबाइलचे दिवस होते ते. काशीमीऱ्याच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. मला सातवा महिना होता आणि तिच्या गावच्या चर्चच्या सणाला तिने मला कधीपासून जेवायला बोलावून ठेवलं होतं. आदल्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘उद्या येऊ नको.’ बस, एवढंच. मला इतकं लागलं, की नंतर तिचे फोनही उचलावेसे वाटेनात. सणाच्या दुपारी खालून खणखणीत हाक आली. गॅलरीतून बघते तर ती, नव्या साडीत, आणि एरवी मासळीशिवाय न येणारी बाई चक्क रिकाम्या हातांनी. “वर ये ना,” मी घुश्शातच म्हटलं. “न्हाय येत! घरात पोरांना कांजिण्या हायेत, आणि तू पोटुशी. म्हणून डबा पण न्हाय आणला!” “मग तसं लिहायचं ना!” “पोरं रडत होती गं. म्हटलं, फोनवर सांगीन, तर तू उचलतेस कुठं?” सगळी इमारत खिडक्यांत येऊन ऐकत होती, आणि तिला त्याची काडीचीही लाज नव्हती. एवढं ओरडून सांगितलं आणि सणाचं जेवायला ती परत बसने उत्तनला गेली. तेव्हा पोटात असलेली माझी लेक आता मैत्रिणीच्या एखाद्या तुटक मेसेजवर रुसून बसते. मी तिला एवढंच म्हणते, आधी गॅलरीत जाऊन खाली बघून ये.